अल्टरनेटिव्हची शेपटी

इंग्रजीतल्या दोन जवळच्या शब्दांमध्ये नेमका किती फरक असतो, असे मला कोणी विचारले तर आता मी तो मोजून सांगू शकतो: चोवीस घरे, एक लग्न आणि आठ दिवस.

याआधी मी तो निराळ्या मापाने मोजत असे. माझ्याकडे एक वही आहे. तिच्या डाव्या पानावर मी एक इंग्रजी शब्द लिहितो, उजव्या पानावर त्याचा जुळा वाटणारा दुसरा, आणि दोन पाने जिथे शिवलेली असतात त्या अरुंद घळीत त्यांच्यातला फरक. ‘अलोन’ आणि ‘लोनली’. ‘हाउस’ आणि ‘होम’. ‘शेड’ आणि ‘शॅडो’ या जोडीने तर मला सहा महिने अस्वस्थ ठेवले. झाडाखाली जिच्यात बसतो तीही आपल्याकडे सावलीच, आणि उन्हात जी पायाला चिकटून फरफटत येते तीही सावलीच. पहिलीत बसता येते, दुसरीत येत नाही, एवढा मोठा भेद आपल्या भाषेने निमूट पोटात घातला, या विचाराने मी कित्येक संध्याकाळी सुरतेच्या गोडादरा भागातल्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकून बसलो आहे. टाकी बहुधा रिकामी असे, त्यामुळे टेकल्यावर एक खोल, पोकळ नाद निघे. तो मला आवडे. सोसायटीतल्या इतर तेवीस घरांना आवडत नसे.

माझी एम.ए. मराठीची आहे, विषय आधुनिक कविता. परंतु सुरतेत एम.ए. म्हटले की ते कशातले, हे कोणी विचारत नाही. मी दिवसभर कापड बाजारातल्या एका पेढीत साड्यांच्या कॅटलॉगांना नावे देतो आणि संध्याकाळी तापीकृपा सोसायटीत ‘एम.ए. भाऊ’ असतो. मुळात परभणीचा वैभव अशी माझी ओळख आता फक्त आधार कार्डावर उरली आहे. बँकेचा फॉर्म असो, मोबाइलवर आलेला मेसेज असो की औषधाच्या बाटलीवरचा बारीक मजकूर असो, सगळे माझ्या दारात येते. मी ते वाचून दाखवतो आणि वाचताना किंचित उसासा टाकतो. त्या उसाशानेच लोकांचा विश्वास बसतो, असे माझे निरीक्षण आहे.

तर, पाणी. आमच्या गल्लीतली नळाची लाइन जुनी. सकाळी सहा ते सात पाणी येई, परंतु इतके बारीक की तळमजल्यावर बादली भरेपर्यंत तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाचे आयुष्य त्याच्या डोळ्यांपुढून सरकून जाई. मोठ्या रस्त्याने मात्र एक नवी जाडजूड लाइन गेली होती. तिच्यातून आम्हाला जोडणी मिळावी, म्हणजे पर्यायी पुरवठा मिळावा, असा अर्ज पाणीखात्याच्या कचेरीत द्यावा, असे रविवारी पार्किंगमध्ये ठरले. घाई होती, कारण तळमजल्यावरच्या सरलाबाईंच्या नूतनचे लग्न पुढच्या बुधवारच्या पुढच्या बुधवारी होते आणि पारोळा-अमळनेराकडून सव्वाशे पाहुणे येऊन सोसायटीतच उतरणार होते.

“अर्ज गुजरातीत लिहू,” सोसायटीचे प्रमुख बन्सीलालभाऊ म्हणाले. त्यांचे साड्यांना फॉल लावण्याचे दुकान आहे आणि ते प्रत्येक गोष्टीला खालून कड लावून पक्की करतात.

“गुजरातीत?” हिलालआबा खुर्चीत सरसावले. आबांनी पस्तीस वर्षे उधन्याच्या लूमखात्यात काढली, आणि निवृत्तीनंतर मागांऐवजी माणसे दुरुस्त करण्याचे काम हाती घेतले. “अहो, गुजरातीत दिलं तर ते वाचतील. वाचलं की खोट काढतील. इंग्रजीत द्या. इंग्रजी कोणी वाचत नाही, सरळ मंजूर करतात.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी किंचित उसासा टाकला.

तो अर्ज लिहायला मला तीन संध्याकाळी लागल्या. तीन ओळींच्या कामाला तीन संध्याकाळी कशाला, असे बन्सीलालभाऊंनी जिन्यात विचारले. त्यांना मी काय सांगणार? सामान्य माणसाने लिहिले असते की पाणी कमी येते. मी लिहिले की आम्हाला ‘लेस’ पाणी आणि ‘फ्यूअर’ बादल्या मिळतात. कारण बादली मोजता येते, पाणी मोजता येत नाही. आमची तक्रार ‘कंटिन्यूअल’ आहे, ‘कंटिन्यूअस’ नाही, हेही मी स्पष्ट केले, कारण कंटिन्यूअस म्हणजे अखंड, आणि आम्ही मध्ये मध्ये झोपतोही. शेवटच्या परिच्छेदात मुख्य मागणी होती. तिथे मी आधी ‘अल्टरनेटिव्ह सप्लाय’ असे लिहिले आणि थबकलो. ओळ लांबत होती. तिचे शेपूट जमिनीवर लोळत होते. आधुनिक कवितेने मला दुसरे काही दिले नसेल, परंतु शेपट्या छाटायला शिकवले आहे. मी ‘इव्ह’ उडवला. उरले ‘अल्टरनेट सप्लाय’. ओळ घट्ट झाली. मला बरे वाटले.

मनीषाने पोळ्या लाटता लाटता मजकूर ऐकला. माझ्या पत्नीचा एक दोष आहे, ती ऐकते.

“अहो, अल्टरनेट म्हणजे एक सोडून एक ना?”

“कोणी सांगितले?”

“आईंच्या कॅल्शियमच्या गोळीवर डॉक्टरांनी लिहिलंय ना, अल्टरनेट डे. आज दिली की उद्या नाही द्यायची.”

“ते वैद्यकीय इंग्रजी आहे,” मी शांतपणे म्हणालो.

“आणि हे?”

“हे प्रशासकीय.”

तिने पोळी तव्यावर टाकली. पोळी फुगली. त्या वेळी मला त्यात काही संकेत दिसला नाही.

अर्ज गेला, आणि चौथ्या दिवशी, म्हणजे सोमवारी, मंजुरी आली. चौथ्या दिवशी! कचेरीतून काही चौथ्या दिवशी आल्याचे गोडादऱ्यात कोणाला आठवत नव्हते. हुकूम गुजरातीत होता, बन्सीलालभाऊंनी तो पार्किंगमध्ये उभे राहून वाचला: अर्जदाराच्या मागणीप्रमाणे मंगळवारपासून अल्टरनेट पाणीपुरवठा मंजूर. हिलालआबांनी माझी पाठ थोपटली. सरलाबाईंनी वाटीभर बुंदी पाठवली. नूतनच्या लग्नात मांडवातच माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करावा, असे बन्सीलालभाऊंनी सुचवले, आणि मी नको नको म्हणत मनातल्या मनात उत्तराच्या भाषणाची पहिली ओळ जुळवली.

मंगळवारी सकाळी सहा वाजता नळाने एक दीर्घ श्वास घेतला आणि सोडला. त्यात पाणी नव्हते. फक्त श्वास होता.

मी खाली गेलो. गल्लीच्या तोंडाशी लखन सायकलला व्हॉल्व्हची लांब चावी बांधून निघाला होता. आमच्या भागातले पाणी सोडणे आणि बंद करणे त्याच्या हाती. तो मूळचा अकोल्याकडचा, कधी घाईत नसतो.

“लखनभाऊ, पाणी?”

“आज तुमाले सुट्टी, भाऊ. एक दिवसाआड झालं न तुमचं.”

“एक दिवसाआड? कोणी केले?”

“तुमीच त अर्ज देल्ला म्हनते.” त्याने सायकल थांबवली आणि माझ्याकडे आदराने पाहिले. “खरं सांगू? इतके वर्ष मी पाणी सोडतो. जो भेटला त्यानं जास्तच मांगतलं. कमी मांगनारे तुमीच पहिले. लय मोठं मन पाह्यजे त्याले.”

त्या क्षणी मला कॅल्शियमची गोळी आठवली.

मी वर आलो. मनीषा दारात दोन रिकामे हंडे घेऊन उभी होती. तिने आईच्या गोळ्यांचे पाकीट टेबलावर, माझ्या वहीशेजारी आणून ठेवले आणि हंडे घेऊन आत गेली. भांडण आणि वाद यांतला फरक माझ्या वहीत आहे. परंतु न भांडता हरवणे याला इंग्रजीत काय म्हणतात, हे मला अजून सापडलेले नाही.

सरलाबाईंनी मात्र बोटांवर हिशेब केला. तापीकृपात त्यांचे घर ओट्याला लागून असल्याने जे बोलायचे ते सगळ्यांदेखत होते.

“आज मंगयवार कोरडा. उद्या पानी. बेस्तरवार कोरडा. शुक्करवार पानी. शनवार कोरडा. आयतवार पानी. सोमवार कोरडा. मंगयवार पानी...” त्यांचे बोट पुढच्या बोटावर टेकले आणि तिथेच राहिले. “बुधवार कोरडा! भाऊ, मनी आंडेरनं, नूतननं लगीन कोरडा दिनले?”

“सरलाबाई, मी आजच दुरुस्तीचे पत्र देतो.”

“तुम्हीन काय लिखं व्हतं त्या कागदमा? रोज येत व्हतं ते बी गयं!”

सव्वाशे पाहुणे मंगळवारी हळदीला येणार, बुधवारी लग्न, आणि बुधवारी नळाला सुट्टी. माझ्या आयुष्यात मी शब्दांमुळे पुष्कळ लोकांना दुःख दिले आहे, परंतु ते सगळे संपादक होते. वधूपिता लोटू पाटील दोन पाळ्या करून मुलीचे लग्न करत होते. ते मला जिन्यात भेटले आणि “होईल सगळं बरं, भाऊ,” म्हणाले. त्यांनी शिवी दिली असती तर सोपे गेले असते.

गुरुवारी मी दुसरे पत्र दिले. या वेळी अलंकार नव्हते, विचार नव्हते, ओळ एकच होती: कृपया अल्टरनेट सप्लाय ताबडतोब थांबवावा. हिलालआबांनी ती ऐकली आणि म्हणाले, “हां, आता कसं सरळ बोललात.” शुक्रवारी पाणी आले. शनिवारी नाही, ते ठरलेलेच होते. रविवारी यायला हवे होते. सहा वाजले, साडेसहा वाजले, सात वाजले. नळाने या वेळी श्वाससुद्धा घेतला नाही.

लखन सायकलवरून उतरला. “आता पुरंच बंद, भाऊ.”

“पूर्ण? का?”

“तुमचंच दुसरं पत्र. अल्टरनेट थांबवा म्हनलं त साहेबानं थांबवलं.” तो थोडा घुटमळला. “उपास-गिपास हाय का काही सोसायटीत?”

तर्कदृष्ट्या त्यात चूक काढण्याजोगे काही नव्हते. जे एक दिवसाआड येत होते ते थांबवावे, असे मीच म्हटले होते. रोजचे पुन्हा सुरू करा, असे मी कुठे म्हटले होते? आधुनिक कवितेत न म्हटलेल्यालाही अर्थ असतो. पाणीखात्यात नसतो.

त्या रविवारी पार्किंगमध्ये पुन्हा बैठक झाली. मी उपस्थित असताना माझ्याबद्दल बोलणे चालले होते, आणि लोकांनी मला ‘वैभवभाऊ’ म्हणायला सुरुवात केली होती. पदवी अशी परतही घेता येते, हे मला नवे होते. त्यासाठी विद्यापीठाची गरज लागत नाही.

“टँकर मागवू,” कोणीतरी म्हणाले.

“टँकर येणार कुठून?” बन्सीलालभाऊंनी गल्लीच्या तोंडाकडे बोट केले. तिथे कालच मांडवाचे बांबू रोवले होते आणि वर गुलाबी-पिवळे कापड ताणून झाले होते. त्याखालून सायकल जात होती. हातगाडी वाकून गेली असती. टँकर नाही.

“मांडव काढा.”

“देवक बसनं शे,” सरलाबाई आतूनच म्हणाल्या. तो मुद्दा तिथे संपला.

“मी सांगतो,” हिलालआबा म्हणाले. “वैभवभाऊंनी तिसरं पत्र द्यावं. पण त्यात लिहावं की आधीची दोन पत्रं वाचू नयेत.”

“आबा,” मनीषा जिन्यातून म्हणाली, “आता पत्र नको. माणूस पाठवा.”

सोमवारी सकाळी आम्ही तिघे कचेरीत गेलो: बन्सीलालभाऊ, सरलाबाई आणि मी. मला नेण्याचे कारण असे सांगण्यात आले की मजकूर माझा आहे. आरोपीला घटनास्थळी नेतात, तसे.

पहिल्या खिडकीने दुसरीकडे पाठवले, दुसरीने जेवणाच्या सुटीकडे, आणि सुटीने तिसऱ्या टेबलाकडे. तिथे ठाकोरभाई बसले होते. साठीला टेकलेले, इस्त्रीचा पांढरा बुशशर्ट, खिशाला दोन पेने. टेबलावर आवक-जावकचे रजिस्टर होते, आणि रजिस्टराखाली खाकी कागदाचे वेष्टन घातलेला एक जाड शब्दकोश. वेष्टनाचे कोपरे झिजून मऊ झाले होते. शिकारी रानात दुसऱ्या शिकाऱ्याच्या खुणा ओळखतो.

“तापीकृपा?” त्यांनी माझे नाव ऐकताच खुर्ची मागे सरकवली आणि ते चक्क उभे राहिले. “तमे? आवो, आवो, बेसो! मी रोज वाट पाहतो की हा माणूस एकदा तरी येईल.”

ठाकोरभाई आमच्याशी मराठी बोलू पाहत होते आणि मध्ये मध्ये त्यांच्या गुजरातीत घसरत होते. त्यांनी फाइल उघडली. माझा अर्ज वर होता. त्यावर लाल शाईने तीन ठिकाणी बारीक टिकमार्क केलेले होते.

“बावीस वरस हूं आ टेबल पर छूं,” ते म्हणाले. “बावीस वर्षं लोक मला अल्टरनेट लिहितात, आणि त्यांना पाहिजे असतं अल्टरनेटिव्ह. मी समजून घेतो. गुपचूप सुधारून टाकतो. काय करणार? पण तुमचा अर्ज वाचला.” त्यांनी पहिल्या टिकमार्कवर बोट ठेवले. “लेस वॉटर, फ्यूअर बकेट्स. वाह! बावीस वर्षांत पहिला माणूस.” बोट खाली सरकले. “कंटिन्यूअल, नॉट कंटिन्यूअस. अरे वाह! मी घरी जाऊन मिसेसला वाचून दाखवलं. मग खाली अल्टरनेट आलं. मी म्हटलं, ठाकोर, हा माणूस जे लिहितो तेच त्याला म्हणायचं असतं. याच्या शब्दाला हात लावायचा नाही.”

त्यांनी फाइल माझ्यापुढे ठेवली. त्यांच्या डोळ्यांत मला दिसला तो आदर होता, आणि तो मला माझ्या सबंध लेखनायुष्यात पहिल्यांदाच मिळत होता. त्याच आदराने आमचे पाणी तोडले होते. मी अर्ज वाईट लिहिला असता, तर चोवीस घरांचे नळ वाहत राहिले असते.

“दुसऱ्या पत्राने मी थोडा दुःखी झालो,” ठाकोरभाई पुढे म्हणाले. “मला वाटलं, तुम्ही पाण्याचाच त्याग केला.”

मला वाटले, आता वाद घालावा. मी ‘शेड’ आणि ‘शॅडो’चा विषय काढला. हेतू एवढाच की भाषा नेहमीच सहकार्य करत नाही, हे त्यांना पटावे; आमच्या मराठीत पाहा, एकाच सावलीवर भागवावे लागते.

“आमच्याकडे दोन आहेत,” ते आनंदाने म्हणाले. “छांयडो अने पडछायो.”

तेव्हा मला आठवले की पडछाया मराठीतही आहे. सहा महिने मी टाकीला टेकून जिच्या अभावाचे दुःख केले ती माझ्याच भाषेत, मीच पदवी घेतलेल्या भाषेत, सुखरूप नांदत होती. मी त्यांना हे सांगितले नाही. माणसाच्या पडझडीचाही एक दैनिक कोटा असावा.

“साहेब,” बन्सीलालभाऊंनी मध्ये कड लावली, “चूक झाली. उद्या पाणी पाहिजे.”

“सुधारणा थाय,” ठाकोरभाईंनी खणातून छापील फॉर्म काढला. “पण चुकीचं कारण लिहावं लागतं. इथे तीन खाने आहेत. अ, टाइप करताना झालेली भूल. ब, कचेरीची भूल. क, अर्जदाराचे अज्ञान.”

“ब लिहा!” बन्सीलालभाऊ म्हणाले.

“लिहा ने. मग चौकशी बसेल. तीन महिने.”

“मग अ,” मी म्हणालो. मला वाटते, मी ते फार पटकन म्हणालो. “टाइप करताना शेवटची अक्षरे राहिली.”

ठाकोरभाईंनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिले. “दोन अर्जांत, दोन्हीदा तीच अक्षरं राहिली? ठीक आहे. अ चालेल. टाइप करणाऱ्याचं ॲफिडेव्हिट लागेल आणि शुक्रवारी सुनावणी.”

“आणि क?” बन्सीलालभाऊंनी विचारले.

“क मध्ये काहीच नाही लागत. अज्ञान असेल तर कचेरी चौकशी कशाची करणार? आजच्या आज हुकूम. उद्या सकाळी पाणी.”

फॉर्म माझ्यापुढे होता. पेन माझ्या हातात होते. क च्या पुढचा चौकोन साबुदाण्याएवढा असेल. त्यात एक बरोबरची खूण करायची आणि खाली, रेघेवर, कारण ‘अर्जदाराच्या स्वतःच्या शब्दांत’ लिहायचे. माझ्या स्वतःच्या शब्दांत! एका बाजूला शुक्रवार, सुनावणी, शपथपत्र आणि शाबूत राहिलेला मी. दुसऱ्या बाजूला उद्याची सकाळ. माझ्या मनात एक फार देखणा युक्तिवाद तयार होत होता, की कवीला अज्ञान नसतेच, त्याला संदिग्धता असते, आणि फॉर्ममध्ये ड असा चौथा खाना असायला हवा होता.

सरलाबाई इतका वेळ पदर सावरून बाकावर बसल्या होत्या. त्या उठून माझ्या खांद्याशी आल्या.

“भाऊ, काय इचार करी राह्यनात? उद्या मनी नूतनले हयद लागनार शे. हयद धोवाले पानी नको का? करा ना तठे सही.”

त्यांना त्या चौकोनाचा अर्थ माहीत नव्हता. त्यांना वाटत होते, मी कुठे सही करायची ते शोधतो आहे. त्यांच्या हातांना मेंदीच्या कोनाचे आणि डाळीच्या पिठाचे डाग होते, आणि सबंध रस्त्यात त्या मला एकदाही टोचून बोलल्या नव्हत्या.

मी चौकोनात खूण केली. खाली इंग्रजीत लिहिले: मला फरक माहीत नव्हता. मूळ वाक्य सहा शब्दांचे झाले. इतकी घट्ट ओळ मी आजवर लिहिली नव्हती, आणि तिला छाटायला काही शिल्लक नव्हते.

ठाकोरभाईंनी ती वाचली. पुन्हा वाचली. मग खिशातले लाल पेन काढून, माझ्या डोळ्यांदेखत, तिच्यासमोर एक बारीक टिकमार्क केला.

“हवे लखीए, आता लिहू,” ते म्हणाले आणि हुकुमाचा कागद पुढे ओढला. “तुम्हाला पाणी पाहिजे एव्हरी डे. आता हे जोडून की तोडून? जोडलं तर अर्थ वेगळा...”

“साहेब!” मी जवळजवळ ओरडलो.

“रोज!” सरलाबाई म्हणाल्या. “रोज, रोज! सकायले रोज!”

ठाकोरभाईंचे पेन हवेत थांबले. मग ते हसले आणि गुजरातीत त्यांनी सावकाश लिहिले: दररोज. खाली नव्या लाइनच्या जोडणीची शिफारसही स्वतःहून जोडली. अल्टरनेटिव्ह हा शब्द त्यांनी मुद्दाम मोठ्या अक्षरांत लिहिला आणि मान वर करून माझ्याकडे पाहिले नाही. ही सज्जनता मी विसरणार नाही.

मंगळवारी सकाळी सहाला पाच मिनिटे कमी असताना मी जागा होतो. नळ उघडाच ठेवला होता. आधी एक खोकला आला, मग थोडी गंजकट थुंकी, आणि मग पाणी. बारीकच होते, पूर्वीसारखेच बारीक, ज्याच्याविरुद्ध मी तीन संध्याकाळी लिहिले होते. मी त्याच्याकडे पाहत राहिलो. खाली कोणीतरी हळदीचे गाणे सुरू केले आणि हंड्यांचे आवाज एकामागून एक मजला चढत वर येऊ लागले.

खाली उतरलो तर नोटीसबोर्डापुढे गर्दी. बन्सीलालभाऊंनी हुकुमाची प्रत लावली होती. गुजराती मजकूर सगळ्यांनी वाचला होता. परंतु मधोमध, अवतरणचिन्हांत, कारणाच्या जागी, माझी इंग्रजी ओळ जशीच्या तशी उतरवली होती, आणि तिच्यापुढे सारे थबकले होते.

“हे काय लिहिलंय?” हिलालआबांनी बोट ठेवले. “बन्सीलाल, तुला येतं का?”

“मी वाचलं नाही. अक्षर बारीक आहे,” बन्सीलालभाऊ म्हणाले आणि मांडवाकडे फार लक्षपूर्वक पाहू लागले. कड लावून पक्की करण्याची त्यांची हीही एक रीत होती.

“अरे, एम.ए. भाऊ आलेच की! सांगा, भाऊ, काय लिहिलंय?”

मी पुन्हा एम.ए. भाऊ झालो होतो. ती पदवी कायम ठेवायला मला एकच वाक्य पुरेसे होते. ‘विशेष बाब म्हणून मंजूर’, असे काहीही. ओळीचा अर्थ तिथे फक्त दोघांना ठाऊक होता आणि दुसरा मांडवाचे बांबू मोजत होता. मी उसासा टाकायला गेलो, पण तो आला नाही.

“लिहिले आहे की अर्जदाराला दोन शब्दांतला फरक माहीत नव्हता.”

“अर्जदार म्हणजे?”

“म्हणजे मी, आबा.”

वर कुठेतरी एक भरलेला हंडा ओट्यावर टेकल्याचा आवाज आला.

“कोणत्या दोन शब्दांतला?” हिलालआबांनी विचारले.

मी सांगितले. आबांनी दोन्ही शब्द तोंडात घोळवून पाहिले, मग शेजारच्यांकडे पाहिले. शेजारच्यांनी एकमेकांकडे पाहिले.

“मग तो कोणाला माहीत होता?” आबा म्हणाले.

“मला होता,” मनीषा जिन्यातून म्हणाली.

त्यावर जे हसू पिकले ते मांडवाच्या कापडापर्यंत गेले. मीही हसलो. मला वाटत होते की ही कबुली छातीवर दगडासारखी पडेल. ती पडली खरी, पण शेजारच्या ओट्यापर्यंतही तिचा आवाज पोचला नाही. सरलाबाई हळदीचे बोट तसेच धरून बाहेर आल्या आणि सगळ्यांवर ओरडल्या, “आठे काय तमाशा शे का? पानी चालनं जाई! पयले हंडा भरा!”

गर्दी पांगली. सात वाजायला बारा मिनिटे होती. मनीषाने दोन बादल्या माझ्यापुढे ठेवल्या.

“यातली एक घ्या, सरलाताईंकडे द्यायचीय.”

“कोणती?”

“कोणतीही.”

मी एक उचलली आणि नळाखाली धरली. दुसरीकडे पाहिलेसुद्धा नाही.